चित्रांना चाल देणारी कला : अॅनिमेशनची ओळख

खामगाव, चिखली, मलकापूरच्या बाजारपेठेतील पाट्या रंगविणाऱ्या पेंटर बांधवांचे बरेच काम फ्लेक्सने हिरावले. हातातील कसब मात्र वाया जाण्याचे कारण नाही. म्हणून आज आम्ही अॅनिमेशनची ओळख करून देत आहोत.

किंचित फरकाची चित्रे वेगाने दाखविली की ती हलताना दिसतात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे सरकतात. मुख्य प्रकार असे :

१) हातचित्रे : प्रत्येक हालचाल कागदावर रेखाटणे.
२) कात्रणे : पुठ्ठ्याचे हातपाय सरकवून फोटो घेणे.
३) स्टॉप मोशन : खऱ्या वस्तू थोड्या थोड्या हलवून फोटो घेणे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये काड्यापेटीच्या काड्यांवर ‘आगकाड्यांची मौज’ असाच केला.
४) संगणक : सपाट म्हणजे टू-डी, घनाकृती म्हणजे थ्री-डी.

क्लासची फी भरण्यापूर्वी घरी करून पाहा. मोबाईल स्टँडवर घट्ट बसवा, उजेड एकसारखा ठेवा. चपलेचा जोड किंचित सरकवा, फोटो घ्या, पुन्हा सरकवा. फोटो जोडणारी अॅप मोबाईलवरच मिळतात. सेकंदाला १२ फोटो धरले, तर १० सेकंदांच्या जाहिरातीस १२० फोटो लागतील. पहिली जाहिरात आपल्याच दुकानाची करा. तोच नमुना दाखवून दुसऱ्याकडे काम मागता येईल.