लिहिणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे मन

आपल्यापैकी अनेकजण स्वतः लिहितात, स्वतः पुस्तिका छापतात आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर स्टॉल लावून स्वतःच विकतात. लेखक आपण, मालकही आपणच. म्हणून गठ्ठे उरले की मार दुहेरी बसतो. पैसा अडकतो आणि आपल्या लिहिण्यालाच किंमत नाही, असे वाटू लागते.

या दोन गोष्टी आपण वेगळ्या करू या. उरलेला गठ्ठा हा धंद्याचा हिशेब आहे, लेखनाचा निकाल नाही. बाबासाहेबांचे 'बहिष्कृत भारत' १९२९ साली पैशाअभावी बंद पडले. १९३० साली 'जनता' सुरू झाले. प्रती जास्त छापल्या, किंमत जास्त ठेवली, जागा कोपऱ्यात मिळाली, अशी कारणे वहीत लिहू या. कारण कळले की पुढच्या वर्षी बदल करता येतो.

रोजच्या सवयी:

१. घरखर्च आणि छपाईचा पैसा वेगळा ठेवू. उधारी घरच्यांपासून लपवू नये. लपवलेले कर्ज झोप उडवते.

२. रात्री अंथरुणात हिशेब नको. त्याची वेळ दिवसा ठरवू.

३. दारूने झोप लागते, पण ती तुटक असते आणि उदासी वाढते.

४. दुसऱ्या स्टॉलवाल्यांशी मोकळेपणी बोलू.

दोन आठवडे मन उदास राहिले, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरांना दाखवू. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. तापासाठी दवाखान्यात जाताना आपण लाजत नाही. मनासाठीही लाजू नये.