बर्फावरच्या गिरक्या आणि वाढते वय

चाकणला बर्फाचे रिंक नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मुलेमुली स्केटिंग करतात ते चाकांच्या बुटांवर, शाळेच्या पटांगणात किंवा सिमेंटच्या रिंकवर. आपल्या देशातच बर्फाची रिंक मोजकी आहेत. सिमल्याचे रिंक १९२० पासूनचे, तर डेहराडूनचे रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलेले. तरीही बर्फावरील कलात्मक स्केटिंगच्या कनिष्ठ गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आता फोनवर घरबसल्या पाहता येतात, आणि त्या पाहणाऱ्यांमध्ये वादही रंगतात.

वाद बहुधा एकाच गोष्टीवरून सुरू होतो. तेरा-चौदा वर्षांची एखादी मुलगी हवेत चार फेऱ्या घेऊन अलगद उतरते. सारे थक्क होतात. दोन वर्षांनी तीच मुलगी तीच उडी मारताना पडते आणि लगेच कोणीतरी म्हणते, “ती आता मोठी झाली. संपली!” हे म्हणणे कितपत खरे आहे? तिचा सराव कमी पडला, की जिद्द कमी झाली, की आणखी काही घडले? या प्रश्नाचे अर्धे उत्तर पदार्थविज्ञानात आहे आणि अर्धे शरीरविज्ञानात. दोन्ही क्रमाने पाहू.

हात आवळले की वेग का वाढतो?

प्रथम एक प्रयोग करू. सहज फिरणारी खुर्ची घ्या. दोन्ही हातांत पाण्याने भरलेली एकेक लिटरची बाटली धरून खुर्चीवर बसा आणि हात आडवे पसरा. मित्राला खुर्ची हळूच फिरवायला सांगा. आता हात छातीजवळ घ्या. खुर्चीचा वेग एकदम वाढेल. हात पुन्हा पसरले की वेग कमी होईल. (प्रयोग शिक्षकांसमोरच करावा आणि एकाने खुर्चीचा पाया घट्ट धरावा.)

असे का होते? वस्तू सरळ रेषेत ढकलायची असेल तर तिचे वस्तुमान किती, एवढेच पाहावे लागते. वस्तू फिरवायची असेल तर ते वस्तुमान आसापासून किती दूर आहे, हेही पाहावे लागते. या फिरण्याच्या जडत्वाला शास्त्रीय भाषेत निरूढी परिबल म्हणतात. ते काढण्याची रीत सोपी आहे. वस्तुमानाला आसापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचे. बाटल्या आसापासून ७० सेंटिमीटरवर असताना दोन्हींचे मिळून जडत्व २ × ०.७ × ०.७, म्हणजे ०.९८ होते. त्या २० सेंटिमीटरवर आणल्या की ते २ × ०.२ × ०.२, म्हणजे ०.०८ उरते. बाटल्या त्याच, पण त्यांचे जडत्व बारा पटींनी घटले!

चाकणच्या कारखान्यांतील पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे फ्लायव्हील कडेला जाड व जड ठेवतात, ते याच कारणाने. वस्तुमान आसापासून दूर असले की चाक सहजासहजी वेग घेत नाही आणि घेतलेला वेग सहजासहजी सोडतही नाही. स्केटरला हवे असते याच्या उलट. तिला चटकन वेग घ्यायचा असतो, म्हणून ती हात छातीशी आवळते, पाय एकमेकांवर घट्ट जुळवते आणि शरीर बारीक खांबासारखे करते.

फिरण्याचे जडत्व आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकाराला कोनीय संवेग म्हणतात. बाहेरून कोणी पीळ दिला नाही, तर हा गुणाकार बदलत नाही. म्हणूनच एक घटला की दुसरा वाढतो. स्केटर बर्फ सोडते त्या क्षणी तिचा कोनीय संवेग ठरून जातो. हवेत तिला टेकू मिळत नाही, त्यामुळे तेथे नवा संवेग मिळवता येत नाही. जे काही मिळवायचे ते बर्फ सोडण्यापूर्वीच मिळवावे लागते.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

फेऱ्या घ्यायला वेळ किती मिळतो? उडी ४० सेंटिमीटर उंच असेल, तर स्केटर सुमारे ०.५७ सेकंद हवेत राहते. एवढ्या वेळात तीन फेऱ्या घ्यायच्या, तर वेग मिनिटाला सुमारे ३१५ फेरे हवा. चार घ्यायच्या, तर सुमारे ४२० फेरे. आपल्या घरातील छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण ३५० ते ४०० फेरे घेतो. म्हणजे चौपट उडी मारणारी मुलगी क्षणभर पंख्यापेक्षाही जलद फिरते! प्रत्यक्षात फेरीचा काही भाग उडताना आणि उतरताना बर्फावरच होतो, त्यामुळे हा आकडा थोडा कमी भरतो. मात्र कस लागतो तो एवढाच.

हे वयाने लहान मुलींना जमते, हे स्पर्धांच्या इतिहासात दिसते. स्पर्धेत चौपट उडी यशस्वीपणे मारणारी पहिली मुलगी जपानची मिकी आंदो. डिसेंबर २००२ मध्ये हेग येथे कनिष्ठ ग्रां प्रीच्या अंतिम स्पर्धेत तिने चौपट साल्काव मारली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मार्च २०१८ मध्ये सोफिया येथील कनिष्ठ जागतिक स्पर्धेत रशियाच्या अलेक्झांड्रा त्रुसोवाने एकाच कार्यक्रमात दोन चौपट उड्या मारल्या. तिचे वय होते तेरा. हा केवळ योगायोग आहे काय?

दहा टक्के उंची वाढली तर

समजा, १४० सेंटिमीटर उंच आणि ३० किलो वजनाची एक स्केटर आहे. दोनेक वर्षांत तिची उंची १५४ सेंटिमीटर झाली, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढली. शरीर सर्व दिशांनी त्याच प्रमाणात वाढले असे मानू. लांबी, रुंदी आणि जाडी प्रत्येकी १.१ पट झाली, म्हणून वजन १.१ × १.१ × १.१, म्हणजे १.३३ पट झाले. ३० किलोची मुलगी ४० किलोची झाली. आसापासूनची अंतरेही १.१ पट झाली आणि त्यांचा वर्ग घ्यायचा आहे. म्हणून फिरण्याचे जडत्व १.३३ × १.२१, म्हणजे सुमारे १.६१ पट झाले.

ताकदही वाढलीच असणार. पण स्नायूची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, म्हणून ती १.२१ पट होते. तरफेसारखी काम करणारी हाडे १.१ पट लांब झाल्यामुळे शरीराला देता येणारा पीळ १.३३ पट होतो. जडत्व वाढले १.६१ पट, पीळ मात्र १.३३ पटच! पीळ देण्याचा अवधी तोच मानला, तर फिरण्याचा वेग पूर्वीच्या ८३ टक्क्यांवर येतो. सेकंदाला ७ फेरे घेणारी मुलगी आता ५.८ फेरे घेईल आणि ०.५७ सेकंदात तिच्या ३.३ फेऱ्याच होतील. चौथी फेरी अपुरी राहील आणि ती पडेल.

यात आळस कोठेही नाही, जिद्दीचा अभावही नाही. आहे ते केवळ भूमितीचे गणित. वयात येताना कंबर रुंदावते, म्हणजे वस्तुमान आसापासून आणखी थोडे दूर जाते. हीदेखील शरीराची नेहमीची वाढ आहे, बिघाड नव्हे.

आपले गणित ढोबळ आहे, हे विसरू नये. उडी अधिक उंच घेता येते, तंत्र सुधारता येते आणि सरावाने ताकद प्रमाणापेक्षा जास्त वाढवता येते. तेराव्या वर्षी दोन चौपट उड्या मारणाऱ्या त्रुसोवाने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये, सतराव्या वर्षी, मुक्त कार्यक्रमात पाच चौपट उड्या मारल्या आणि रौप्यपदक मिळवले.

धोका कोठे आहे?

वरील गणित अर्धवट समजले, तर त्यातून एक भयंकर निष्कर्ष निघू शकतो. वाढ थांबवा, जेवण कमी करा, वजन उतरवा! स्केटिंगच्या जगात अनेक मुलींना हे प्रत्यक्ष भोगावे लागले आहे. म्हणून शरीरात काय घडते, तेही पाहिले पाहिजे.

४० सेंटिमीटर उंचीवरून उतरताना गुडघा आणि घोटा वाकवून शरीर सुमारे ८ सेंटिमीटर अंतरात थांबवले, असे समजा. हिशेब केला तर सरासरी बल वजनाच्या सहापट येते. ३० किलोच्या मुलीच्या पायावर १८० किलोंचा भार! स्केटिंगची उडी एकाच पायावर उतरायची असल्याने हा सारा भार एकट्या पायाने झेलायचा, तोही सरावात दिवसभरात कित्येक वेळा.

हा भार झेलणारे हाड या वयात तयार होत असते. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते. ती पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते आणि वाढ संपल्यावरच तिचे हाड बनते. उंची सर्वांत झपाट्याने वाढते त्या काळाच्या मागेपुढे मिळून सुमारे दोन वर्षांत, प्रौढपणी हाडांत असणाऱ्या खनिजांपैकी जवळजवळ पाव भाग साठवला जातो. नेमक्या याच वर्षांत मुलीने पोट मारून सराव केला, तर शरीर काटकसर करू लागते. मासिक पाळी सुरू होत नाही किंवा थांबते, संप्रेरके घटतात, हाडे विरळ राहतात आणि वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी त्यांना बारीक तडे जातात. ऊर्जेच्या अशा तुटवड्याने होणाऱ्या विकाराला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये स्वतंत्र नाव दिले. चौथ्या फेरीसाठी मोजलेली ही किंमत पुढे आयुष्यभर फेडावी लागू शकते.

नियम बदलला

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेची स्थापना १८९२ ची. तिच्या नियमानुसार कनिष्ठ गटात एकेरी स्केटरचे वय हंगामापूर्वीच्या १ जुलैला किमान १३ आणि १९ पेक्षा कमी असावे लागते. वरिष्ठ गटासाठी पूर्वी १५ वर्षे पुरत. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या एका स्केटरच्या उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणाने जग हादरले. त्याच वर्षी जूनमध्ये संघटनेने १०० विरुद्ध १६ मतांनी ही मर्यादा टप्प्याटप्प्याने १७ वर नेली. ती २०२४-२५ च्या हंगामापासून पूर्णपणे लागू झाली.

या नियमाचा फटकाही बसतो. जपानची माओ शिमादा २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे कनिष्ठ गटाची जगज्जेती झाली. तिचा जन्म ३० ऑक्टोबर २००८ चा. २०२६ च्या ऑलिंपिकसाठी १ जुलै २००८ पूर्वीचा जन्म हवा होता. चार महिन्यांनी तिची संधी हुकली. चाहत्यांमध्ये यावर पुष्कळ चर्चा झाली. गुणी मुलीवर अन्याय झाला, असे काही म्हणाले. कोठेतरी रेघ ओढावीच लागते, असे इतरांचे म्हणणे. तुम्हाला काय वाटते? वर्गात यावर जरूर चर्चा करा, मात्र कारणे देऊन.

“संपली” म्हणण्यापूर्वी

स्केटिंगचे गुण केवळ फेऱ्यांवर मिळत नाहीत. २०१८ नंतरच्या गुणकोष्टकात चौपट टो-लूप उडीला ९.५ आणि तिहेरी लुत्झ उडीला ५.९ मूळ गुण आहेत. उडी कशी मारली, यावरून त्यात मूळ गुणांच्या निम्म्यापर्यंत वाढ किंवा घट होते. चौपट उडीवर पडणाऱ्या स्केटरचे ९.५ मधून ४.७५ गुण जाऊ शकतात, शिवाय पडल्याचा एक गुण वजा. उरले ३.७५. तिहेरी लुत्झ सफाईने मारून ३० टक्के वाढ मिळवणाऱ्या स्केटरला ७.६७ मिळतात. कार्यक्रमाची रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य यांचे गुण वेगळेच.

म्हणूनच वाढलेल्या मुलींचे दिवस संपत नाहीत. मिकी आंदो २००७ आणि २०११ मध्ये जगज्जेती झाली, ती चौपट उडीवाचून. जपानच्याच काओरी साकामोतोने २०२२ ते २०२४ अशी तीन जगज्जेतेपदे तिहेरी उड्या आणि वेगवान, सफाईदार स्केटिंग यांच्या बळावर मिळवली. अमेरिकेच्या अलिसा ल्यूने २०१९ मध्ये, चौदाव्या वर्षी, कनिष्ठ ग्रां प्रीमध्ये चौपट लुत्झ मारली होती. सोळाव्या वर्षी तिने खेळ सोडला, दोन वर्षांनी ती परतली आणि मार्च २०२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, जगज्जेती झाली. त्या वेळी तिच्या कार्यक्रमात एकही चौपट उडी नव्हती.

चाकांच्या बुटांवरील कलात्मक स्केटिंगमध्येही साल्काव, लुत्झ, ॲक्सेल याच उड्या असतात आणि नियम तोच, कोनीय संवेगाचा. तेव्हा आपल्या रिंकवरच्या एखाद्या मुलीची गेल्या वर्षीची उडी यंदा चुकू लागली, तर तिला वजनावरून टोकू नये. तिची उंची किती वाढली ते विचारावे, तंत्र नव्याने बसवायला वेळ द्यावा आणि पोटभर जेवू द्यावे.

करून पाहा

१. स्केटरच्या उडीचे फोनवर चित्रण करा. सेकंदाला ३० चित्रे असतील, तर हवेतील चित्रे मोजून ३० ने भागा. हा हवेतील काळ. त्याचा वर्ग करून ९.८ ने गुणा आणि ८ ने भागा. उडीची उंची मीटरमध्ये मिळेल. १२ चित्रे आली, तर उंची किती? (उत्तर : सुमारे २० सेंटिमीटर.)

२. उंची दहाऐवजी पाच टक्क्यांनी वाढली, तर फिरण्याचे जडत्व किती पट होईल? (उत्तर : सुमारे १.२८ पट.)

३. उतरताना गुडघा न वाकवता शरीर २ सेंटिमीटरमध्येच थांबवले, तर ४० सेंटिमीटरच्या उडीत पायावर वजनाच्या किती पट सरासरी बल येईल? उत्तर काढल्यावर, प्रशिक्षक “गुडघा वाकव” असे का ओरडतात, ते आपोआप कळेल. (उत्तर : २१ पट.)