गोळ्या संपायच्या आधी

साखर निघाली म्हणून रडत बसू नकोस, बाई. पण ‘माझ्याकडं कार्ड आहे’ म्हणून निवांतही राहू नकोस. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, हे खरं. पण ते भरती झाल्यावर. पायाची जखम चिघळली, किडनीनं दगा दिला, की कार्ड कामाला येतं. महिन्याच्या गोळ्या, रक्ततपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा बघून घेणं, याला ते कार्ड लागू नाही. आणि साखरेचा सगळा खेळ तर तिथंच असतो.

त्याची सोय सोलापुरात आहे, फक्त जाऊन मागावी लागते. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात तिशी ओलांडलेल्या कुणाचीही शुगर आणि बीपी फुकट तपासतात. आशाताई फॉर्म घेऊन दारात आली, की ‘आम्हाला काही नाही’ म्हणून तिला वाटेला लावू नकोस. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड या रोजच्या गोळ्याही सरकारी केंद्रातूनच मिळतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. सिव्हिल हॉस्पिटल मेडिकल कॉलेजचं आहे, त्यामुळं तिथला हिशेब वेगळा. साखर आटोक्यात येत नसेल किंवा पायाला काही झालं, तर मात्र गर्दीचं कारण न सांगता तिथंच जा.

‘आज गोळ्या नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ हे तुला कधीतरी ऐकावं लागेलच. तेव्हा तशीच घरी येऊ नकोस. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घे, कंपनीचं नव्हे, आणि जनऔषधी केंद्र गाठ. तीच गोळी निम्म्याहून कमी पैशांत मिळते. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून शहरात यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो आणि तेवढ्या विड्या वळायच्या राहतात, ते मला कळतं. म्हणून डॉक्टरांना सरळ विचार, पंधरा दिवसांऐवजी महिन्याच्या द्याल का? विचारायला लाजायचं कशाला? मजुरी कमी मिळाली की विडी कारखान्यात मुकादमाशी भांडतेस की!

आता जरा रागावून बोलते. एका पाकिटात नवराबायको दोघांनी भागवायचं, त्याची संपली की तुझ्यातली द्यायची, हे घराघरांत चालतं आणि त्यात उपाशी राहते ती बाईच. त्याची गोळी वेगळी असेल, डोस वेगळा असेल. त्याचा केसपेपर वेगळा काढ. अर्धी गोळी खाऊन महिना ओढला म्हणजे पैसे वाचले, असं मुळीच नाही. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी तपासणी ते सगळं उघडं पाडते. ती बहुतेकांची ७ च्या आत असावी, पण तुझा आकडा किती हवा ते डॉक्टरांनाच विचार. जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेव आणि दर वेळी घेऊन जा. दर फेरीला डॉक्टर बदलला, तरी त्या पिशवीवरून त्याला सगळं कळतं.

इन्सुलिन लागलं आणि घरात फ्रीज नसला, तरी घाबरायचं कारण नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली बाटली ठेवलीस, तर औषधाचं पाणी झालंच समज. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, आणि त्यात कोरड्या पिशवीत गुंडाळलेली बाटली, वर झाकण. वाळू रोज भिजव. बर्फावर ठेवू नकोस, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. आणि ४० ची बाटली असेल तर सुई लाल टोपणाचीच घे. नारिंगी टोपणाची १०० ची असते, त्यात डोस चुकतो.

भाकरी चालते, पण ज्वारीचीच म्हणून चार खाऊ नकोस. मिश्री मात्र सोड. ती हिरड्या खाते, आणि त्यातला तंबाखू पायाच्या रक्तवाहिन्याही अरुंद करतो. विड्या वळायला दिवसभर मांडी घालून सूप मांडीवर घेऊन बसतेस, तर मधूनमधून उठ, घरातल्या घरात चार पावलं टाक. रात्री तळपाय बघ, दिसत नसेल तर पोरीला बघायला लाव. बधिर पायाला काच लागलेलीसुद्धा कळत नाही. गड्ड्याच्या जत्रेत अनवाणी चालायचा नवस बोलली असशील, तर देवाला दुसरं काही कबूल कर. सिद्धेश्वर समजून घेईल, जखम घेणार नाही.

एकादशी असो की रोजा, ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नकोस. साखर एकदम उतरून घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली, की तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच पी. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही, तर परत तेवढीच. मग काहीतरी खा. आणि हे सासूबाईंना, पोरीलाही शिकवून ठेव, कारण ती वेळ येते तेव्हा आपल्याला स्वतःला काही सुचत नसतं.