शेणवायूचे इंजिन : वीजही, ऊनही

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणाऱ्या वायूवर विसाव्या शतकाच्या आरंभीच इंजिन चालविले गेले. उपनगरांतील तबेल्यांना, विशेषतः १९४९ साली स्थापन झालेल्या गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीसारख्या ठिकाणी, हाच मार्ग शेणापासून खुला आहे.

वीस म्हशींच्या सुमारे ३०० किलो शेणापासून रोज अंदाजे १२ घनमीटर वायू मिळतो. लहान इंजिनाने त्यापासून १५ ते १८ युनिट वीज होते. परंतु वायूतील उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्साच विजेत उतरतो. उरलेली बहुतेक इंजिन थंड करणाऱ्या पाण्यातून व धुरातून वाया जाते. म्हणून त्या तापल्या पाण्याच्या नळीवरून दुसरे स्वच्छ पाणी तापवून दुधाची भांडी धुवावी. थंडीत तेच कोमट करून शेण कालवावे. कारण शेण सुमारे ३५ अंश सेल्सियसला उत्तम कुजते व गारठ्यात वायू घटतो.

वायू लोखंडाच्या किसातून गाळून घ्यावा. अन्यथा त्यातील गंधकयुक्त वायू इंजिन खातो. इंजिनाचा धूर विषारी असतो; ते बंद खोलीत वा गोठ्यात कदापि चालवू नये.

ग्रामसेवकांनी सल्ला देण्यापूर्वी गरज विचारावी. वीज व गरम पाणी दोन्ही रोज लागत असतील, तर इंजिन बसवावे; केवळ स्वयंपाकच करावयाचा असेल, तर वायू सरळ शेगडीस द्यावा.