मुलांसाठीही वेळेची पाळी लावा



पाण्याची पाळी चुकली तर पिकाचे काय होते, हे आपणास सांगावयास नको. कृष्णाकाठचा आडसाली ऊस असो, तासगावची द्राक्षबाग असो की माण-खटावमधील कांदा असो, पाणी केव्हा द्यावयाचे हे आपण आधी ठरवितो आणि बाकीची कामे त्याप्रमाणे लावतो. मुलांच्या बाबतीत मात्र उलटे होते. सर्व कामे उरकून जी वेळ उरेल ती त्यांची, असा बहुतेक घरांत रिवाज आहे. आणि शेतीच्या धंद्यात वेळ कधी उरत नाही.

मी कृषिविद्या शिकवितो. बालसंगोपन हा माझा विषय नव्हे. परंतु कामाचे नियोजन हा आमच्या विषयाचा भाग आहे आणि त्या अनुषंगाने हा लेख लिहीत आहे.

याबाबतीत सांगली जिल्ह्यातील एका गावाने केलेला प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या, अभ्यास मोबाइलवर आला आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातातील मोबाइल सुटेना. तेव्हा गावाने ठरविले की, रोज सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजवावा आणि त्यानंतर दीड तास, म्हणजे साडेआठपर्यंत, प्रत्येक घरातील टीव्ही व मोबाइल बंद ठेवावेत. १५ ऑगस्ट २०२२ पासून याची सुरुवात झाली. पुरुष मंडळींनी ही कल्पना प्रथम हसण्यावारी नेली होती. महिलांच्या सभेने ती उचलून धरली. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांना समजावून सांगितले.

हे काम एकेका घराने का केले नाही, असा प्रश्न पडेल. हुमणीचे उदाहरण घ्या. वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे एकाच शेतकऱ्याने गोळा केले तर उपयोग होत नाही, शेजारच्या बांधावरून ते पुन्हा येतात. टीव्हीचेही तसेच आहे. आपल्या घरात बंद आणि शेजारी मालिकेचा आवाज चालू असेल, तर मूल पुस्तकात रमत नाही. सर्व गावाने एकच वेळ पाळली म्हणजे कोणा एकाच्या मुलावर सक्ती होत नाही.

मात्र सात ते साडेआठ हीच वेळ प्रत्येक घराला सोयीची पडेल असे नाही. आपल्याकडे सायंकाळी धारा काढणे, डेअरीला दूध घालणे आणि स्वयंपाक ही तिन्ही कामे एकाच वेळी येतात. दूध घालून घरधनी चौकात थांबतो, घरधनीण चुलीपुढे असते आणि मूल एकटेच असते. अशा वेळी टीव्ही बंद केला तरी मुलाला सोबत मिळत नाही. म्हणून आधी कामाची वाटणी करावी. दूध घालून पुरुषाने तडक घरी यावे. मेथी निवडणे, शेंगा सोलणे, लसूण सोलणे ही कामे चुलीपाशी एकटीने न करता सर्वांनी मध्ये बसून करावीत. हात चालू असताना मुले अधिक मोकळी बोलतात, असा माझा अनुभव आहे. ज्या घरी रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजावे लागते, तेथे त्या आठवड्यापुरती वेळ पहाटेची किंवा शाळेतून आल्याबरोबरची धरावी. पाळी बदलली तरी चालेल, ती बुडू देऊ नये.

दीड तास जमत नसेल तर अर्धा तास धरा. रोजचा अर्धा तास म्हणजे वर्षाला सुमारे १८० तास, म्हणजेच आठ तासांचे २२ दिवस होतात.

हंगामाचाही विचार करावा लागतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे शाळेची घडी नुकतीच बसत असते तेव्हा. सोयाबीनची काढणी दिवाळीच्या आधी. हळदीची काढणी, शिजवणे आणि पॉलिश ही कामे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि दहावी-बारावीच्या परीक्षाही त्याच सुमारास असतात. द्राक्षाची तोडणीही तेव्हाच. ही गाठ दरवर्षी पडते, तरी दरवर्षी आपली धांदल उडते. जूनमध्ये भिंतीवरील कॅलेंडर उतरवून सर्वांनी एकत्र बसावे. पिकाची कामे एका रंगाने आणि मुलांच्या परीक्षा, स्नेहसंमेलन, गावची जत्रा, आजोळची भेट दुसऱ्या रंगाने मांडावी. दोन्ही रंग एका चौकटीत आले तर मजुरांची व्यवस्था आताच पाहावी. ऊसतोडीची तारीख आपल्या हातात नसते. तेवढी जागा मोकळी सोडावी.

येथे स्वतःची एक गोष्ट सांगतो. माझ्या मुलीने एका डब्यात मेथीचे वीस दाणे पेरले होते. मी रोज प्रक्षेत्रावरून उशिरा घरी येत असे. दोन आठवड्यांनी कॅलेंडरच्या पाठीमागे तिने पेन्सिलीने लिहिलेले दिसले: 'वीस पेरले, सतरा उगवले.' डब्यातील रोपे तोवर वाळून गेली होती. वर्गात मी उगवणक्षमतेवर तासन्तास बोलतो. घरातील नोंद मात्र मला दिसली नाही.

त्यानंतर मे महिन्यात आम्ही दोघांनी मिळून सोयाबीनची उगवण चाचणी घेतली. ती आपणही मुलांबरोबर अवश्य घ्यावी. घरचे बियाणे असल्यास त्यातून सरसकट १०० दाणे मोजावेत. मोठे मोठे निवडू नयेत, मुलांचा तोच मोह असतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट पसरून गुंडाळी करावी आणि ती सावलीत थंड जागी ठेवावी. अधूनमधून पाणी शिंपडण्याची जबाबदारी मुलावर सोपवावी. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून चांगले कोंब आलेले दाणे त्यालाच मोजू द्यावेत. ७० किंवा त्याहून अधिक उगवले तर हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणे वापरावे. कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. मुलाने मोजलेल्या आकड्यावर आपली पेरणी ठरते, हे त्याला कळले पाहिजे.

मात्र शेतात बरोबर नेणे म्हणजे कामाला जुंपणे नव्हे. फवारणी, औषधाचे रिकामे डबे, मोटारीचा स्टार्टर, मळणी यंत्र, कडबाकुट्टी आणि कठडा नसलेली विहीर यांपासून मुलांना दूरच ठेवावे. सुट्टीत एखादा दिवस पूर्ण रिकामा काढता आला तर महाबळेश्वर तालुक्यातील भिलारला जाऊन यावे. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या या गावातील घराघरांत २०१७ पासून वाचकांसाठी पुस्तके मांडली आहेत आणि ती तेथे बसून वाचता येतात. पुस्तकांबरोबर स्ट्रॉबेरीची लागवडही पाहून होईल.

आपल्या गावात भोंग्याचा विषय मांडावयाचा असेल, तर ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तेथेच तो प्रथम ठेवावा. वेळ कोणती असावी, हेही त्यांनाच ठरवू द्यावे, कारण स्वयंपाक केव्हा उरकतो हे त्यांनाच ठाऊक असते. डेअरीची वेळ अर्धा तास अलीकडे आणता येते का, हे दूध संस्थेच्या सचिवांना त्याच आठवड्यात विचारून घ्यावे.