मामा वरेरकर

थोर नाटककार म्हटले की आमच्या विद्यार्थ्यांस प्रथम शेक्सपिअर आठवतो. ते योग्यच आहे. परंतु आपल्या भाषेतील आणि आपल्या वस्तीविषयी लिहिणाऱ्या नाटककाराचीही ओळख असावी, म्हणून भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर यांचे अल्प चरित्र येथे देत आहो.

त्यांचा जन्म २७ एप्रिल १८८३ रोजी चिपळूण येथे झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. टपाल खात्यातील नोकरीवर त्यांची अनेक वर्षे गेली. मात्र वाचनाचा व्यासंग त्यांनी सोडिला नाही. इब्सेनची नाटके त्यांनी अभ्यासिली, बंगाली शिकून शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणिल्या. १९०८ मध्ये 'कुंजविहारी' हे त्यांचे नाटक रंगभूमीवर आले.

देवलांच्या 'शारदे'ने १८९९ मध्येच घरातील दुःख रंगमंचावर मांडिले होते. ती वाट वरेरकरांनी पुढे नेली. पहिल्या महायुद्धाच्या काळातील 'हाच मुलाचा बाप' या नाटकात त्यांनी हुंड्यावर आघात केला. नाव मुद्दाम लक्षात घ्यावे: दोष एकट्या रूढीस न देता, हात पुढे करून पैसे मागणाऱ्या बापाकडे ते बोट दाखविते. १९२२ च्या 'सत्तेचे गुलाम'मध्ये गांधीयुगाचे विचार आले.

पुढे त्यांची दृष्टी गिरणगावाकडे वळली. 'सोन्याचा कळस' (१९३२) हे नाटक व 'धावता धोटा' (१९३३) ही कादंबरी गिरणी कामगारांच्या जीवनावर आहेत. धोटा म्हणजे मागावर आडवे सूत घेऊन अखंड इकडून तिकडे धावणारे साधन. कामगाराच्या जिण्यास याहून समर्पक उपमा कोणती? १९८२ च्या संपानंतर परळ-लालबागचे भोंगे एकेक करून थांबले. ज्यांचे आजोबा तेथे राबले, त्या मुलांनी ही पुस्तके अवश्य वाचावीत.

'माझा नाटकी संसार' या चार खंडांच्या आत्मकथनात मामांनी आपल्या आयुष्याबरोबर नाटक मंडळ्यांचा काळही नोंदवून ठेविला. १९४४ मध्ये धुळे येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले; १९५६ पासून राज्यसभेचे सभासद होते. २३ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीस त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या हयातीतच, १९६१ मध्ये, हुंडाबंदीचा कायदा झाला. तथापि मुलाच्या शिक्षणाचा खर्च वधूपित्याकडून वसूल करण्याची भाषा अजून ऐकू येते. पालकांस आमची नम्र विनंती आहे की, विद्या हे देवाने दिलेले दान आहे. तिचा बाजारभाव ठरवू नये. आणि विद्यार्थ्यांनो, आज तुम्ही पुत्र आहात, उद्या पिते व्हाल. तुमच्याकडे पाहून 'हाच मुलाचा बाप' असे लोकांनी म्हणावे ते आदराने, एवढे जपा.