असेल, असावे, असणार

तर्कशास्त्राचे पुस्तक उघडले की डोंगरावरचा धूर आणि त्यावरून ओळखलेला अग्नी समोर येतो. उदाहरण उत्तम आहे. पण गॅसच्या शेगडीवरचा स्वयंपाक पाहत वाढलेल्या मुलांना ते दूरचे वाटते. म्हणून इंदुरात मराठी शिकवताना मी तर्काचे प्रकार डोंगरापासून नव्हे, क्रियापदापासून सुरू करतो. अनुमान कोणत्या जातीचे आणि कितपत पक्के, हे मराठीत बहुधा वाक्याच्या शेवटी कळते.

सोपा प्रकार आधी संपवू. वाचनालय सोमवारी बंद असते. आज सोमवार आहे. म्हणजे आज वाचनालय बंद. हे निगमन. नियम खरा असेल तर निष्कर्ष टळत नाही, कारण दोन विधानांत जे दडलेले होते तेच आपण उघड केले.

विगमनासाठी आपल्याकडे म्हणच आहे : शितावरून भाताची परीक्षा. मात्र म्हण वापरणाऱ्यापेक्षा भात शिजवणारी बाई अधिक सावध असते. घरच्या पातेलीत एक शीत पुरते. पंगतीच्या मोठ्या पातेल्यात तळाचा भात लागतो आणि वरचा कच्चा राहतो, तेव्हा ती चार ठिकाणची शिते चेपून पाहते. नमुना कुठून घेतला हा प्रश्न इथेच आला. दोन माणसांवरून गावाचा स्वभाव सांगणारे आपण सगळे एकाच जागचे शीत चेपत असतो.

तिसरा प्रकार सर्वांत रोजचा आणि सर्वांत निसरडा : कार्यावरून कारणाकडे जाणे. गौतमाच्या न्यायसूत्रांत याला शेषवत् अनुमान म्हटले आहे. भाष्यकार वात्स्यायन उदाहरण देतो ते नदीचे : नदी फुगली आहे, त्या अर्थी वर कुठेतरी पाऊस झाला आहे. मला विशेष आवडते ती पुढची शंका, आणि ती सूत्रकारानेच मांडली आहे. नदी तर बांध घातल्यानेही फुगते. मग असल्या अनुमानावर विश्वास का ठेवावा? उत्तर असे की पावसाचा पूर वेगळा ओळखता येतो. भाष्यात त्याच्या खुणा दिल्या आहेत : प्रवाहाला ओढ असते, पाण्यावर फेस, फळे, पाने, लाकडे वाहत येतात. म्हणजे दोष अनुमानाचा नव्हे, अर्धवट पाहण्याचा.

नर्मदेकाठी ही चर्चा जुनी राहिलेली नाही. एप्रिल 2005 मध्ये देवास जिल्ह्यात धाराजी येथे भूतडी अमावास्येची यात्रा भरली होती. वरच्या इंदिरासागर धरणातून सोडलेले पाणी आले आणि अनेक यात्रेकरू वाहून गेले. ऐन उन्हाळ्यात आभाळाकडे पाहून नदीचा अंदाज बांधणाऱ्याला हे पाणी कळणार कसे? 'पाऊस नाही, म्हणजे पूर नाही' हे वाक्य दिसते निगमनासारखे. पण त्याच्या पोटातला नियम, पूर फक्त पावसानेच येतो हा, धरण झाले त्या दिवशी खोटा ठरला होता. नदीला नवे कारण मिळाले की आपली जुनी अनुमाने पुन्हा तपासावी लागतात.

आता क्रियापदाकडे येऊ. सकाळी दारासमोरचा रस्ता ओला दिसतो. 'पाऊस पडला असेल' म्हणताना मी एक शक्यता सांगतो. टँकरने रस्ता धुतला असेल, हीही शक्यता मोकळी राहते. 'पडला असावा' म्हणताना मी खूण पाहून अनुमान करतो आहे, हे ऐकणाऱ्याला कळते. 'पडला असणार' म्हणायला गच्चीही ओली हवी, पन्हळीतून पाणी ठिबकत असायला हवे. आणि 'पडला' एवढेच म्हणायचे तर मी तो पाहिलेला असावा, निदान पाहणाऱ्याकडून ऐकलेला असावा. बोलताना या सीमा थोड्या सरकतात, हे मान्य. पण लिहिताना त्या पाळण्याजोग्या आहेत. आमच्याकडच्या मुलांच्या कानांवर दिवसभर 'हुआ होगा' पडत असते, त्यामुळे त्यांच्या मराठीतही एकटे 'असेल' उरते आणि 'असावे' परके वाटू लागते. मला हे नुसते व्याकरणाचे नुकसान वाटत नाही.

म्हणून मी वर्गात एक वाक्य फळ्यावर लिहितो : 'कपाटातली अंगठी दिसत नाही. काल कामवाल्या बाई आल्या होत्या.' पुढचे वाक्य मुलांनी लिहायचे. यंदा चौघांनी 'त्यांनी घेतली असणार' लिहिले, एकाने सरळ 'त्यांनी घेतली'. मी चूक-बरोबर काही म्हटले नाही. 'असणार'ला लागणाऱ्या खुणा वाक्यात कुठे आहेत, तेवढे अधोरेखित करायला सांगितले. पेन्सिली बराच वेळ वहीवर फिरत राहिल्या. मग मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, अंगठी शेवटची कधी पाहिली होती, ते तुम्ही लिहिलंच नाही. आणि घरात आणखी कोण कोण होतं?"